मदत हवी आहे: तुळजापूरला नवी जोडी आणि आईला घेऊन जायचंय, बेत कसा आखावा?

नमस्कार मंडळी,
भावाचं लग्न वैशाखात झालं. पावसाळ्यात जमलं नाही, आता जोडीला भवानीच्या पायावर घालायचंय. नव्या सुनेच्या हातून देवीची खणा-नारळाने ओटी भरली जावी, एवढंच आईचं मागणं आहे आणि ते मला मनापासून पूर्ण करायचंय.

भावाला रजा दसऱ्यानंतर लगेच मिळते आहे. पण सीमोल्लंघन झालं की देवी पलंगावर निजते ती थेट कोजागिरीपर्यंत. तुळजापूरची मूर्ती चल आहे, म्हणजे जागेवरून हलवता येते, म्हणून तर हे घडतं. आईला मात्र देवी सिंहासनावर बसलेलीच पाहायची आहे. कोजागिरीला सोलापूरकडून आणि कर्नाटकातून पायी येणाऱ्यांचा महापूर असतो, तेव्हा तो दिवसही नको. मंगळवार, शुक्रवार टाळून पौर्णिमेनंतरचा बुधवार किंवा गुरुवार धरावा असं माझं मत आहे. दिवाळीच्या आधी त्या दिवसांत गर्दी कितपत असते?

खरी काळजी आईच्या गुडघ्यांची. देऊळ खाली दरीच्या अंगाला, म्हणजे महाद्वारातून पायऱ्या उतरत जायचं, वाटेत कल्लोळ आणि गोमुख तीर्थ, आणि दर्शन झाल्यावर थकल्या पायांनी वर चढायचं. तिला उतरणंच जास्त जड जातं. वयस्करांसाठी पायऱ्या कमी लागतील असा रस्ता आहे का? चाकाची खुर्ची कुठपर्यंत नेता येते? हल्ली ज्यांनी घरच्या म्हाताऱ्या माणसांना नेलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

दुसरं, आजोबांच्या वेळी आमचे ठरलेले पुजारी होते. उतरायचं त्यांच्याच घरी, पुरणपोळीचा नैवेद्यही तिथेच व्हायचा. आजोबा गेले आणि संबंध तुटला. आडनाव आणि मूळ गाव सांगितलं तर आपले पुजारी शोधून मिळतात का? चौकशी कुणाकडे करावी? आईचा जीव यात फार अडकलाय, त्यामुळे दुसरेच कुणी गाठण्याआधी शोधून पाहायचंय.

गोंधळ घरी घालणार आहोत, त्याची चिंता नाही. पुण्याहून गाडीने निघू. सोलापूरला मुक्काम केला तर पुढे पंचेचाळीस किलोमीटरच राहतात, पण आईला पहाटेचं चरणतीर्थ, म्हणजे देवीची दिवसातली पहिली पूजा, बघायचंय. मग तुळजापुरातच राहिलेलं बरं ना? खाली आंघोळीची सोय आणि जवळच बसायला जागा असलेली खोली कुठल्या भागात बघावी?