चित्र ‘कळलं’, ‘उमगलं’ की ‘भावलं’?

प्रदर्शनातून बाहेर पडताना हमखास कानावर येणारं वाक्य म्हणजे ‘छान होतं, पण कळलं नाही बुवा’. गाण्याच्या मैफिलीनंतर असं कुणी म्हणत नाही. राग ओळखता आला नाही तरी ‘मजा आली’ म्हणायला आपण मोकळे असतो. चित्रापुढे मात्र उत्तरपत्रिका कोरी राहिल्यासारखा चेहरा होतो.

मला वाटतं, घोळ ‘कळणे’ या क्रियापदात आहे. निरोप कळतो, बातमी कळते, किंमत कळते. म्हणजे दुसऱ्याला आधीच ठाऊक असलेलं आपल्यापर्यंत पोचतं. चित्र ‘कळलं नाही’ म्हणताना त्यात एक निरोप दडलाय आणि तो आपल्यालाच मिळाला नाही, असं आपण धरून चालतो. ‘उमगणे’ला वेळ लागतो, ते आतून येतं. ‘भावणे’ला तर कळण्याची अटच नाही.

माझाच अनुभव सांगते. रेम्ब्रांटचं ‘द नाइट वॉच’ (१६४२) पुस्तकात पाहिलं, तेव्हा त्या काळोखातल्या उजेडानेच मला धरून ठेवलं होतं. पुढे वाचनात आलं की हे नाव चित्रकाराने दिलेलंच नाही, प्रसंग दिवसाचा आहे, आणि वार्निश काळवंडल्यामुळे तो रात्रीचा वाटत राहिला. दुसऱ्या महायुद्धानंतर ते वार्निश काढलं, तेव्हा चित्र उजळलं. हे वाचून मला चित्र कळलं, पण भावलं होतं ते आधीच, आणि तेही अर्धं वार्निशमुळे! मग या आधीच्या भावण्याला चूक म्हणायचं का?

प्रतिसाद १

चूक कशाला? व्याकरण तुमच्याच बाजूने आहे. ‘मी चित्र पाहतो’ यात कर्ता मी. पण ‘मला चित्र कळतं, उमगतं, भावतं, आवडतं’ या सगळ्यांत ‘मी’चा ‘मला’ झाला आणि क्रियापद चित्रामागे गेलं. जे काही करायचं ते चित्राने, आपण फक्त समोर उभं राहायचं. अलीकडे समीक्षेत ‘चित्र वाचणे’ बोकाळलंय, त्यात ‘मी’ पुन्हा पुढे येतो. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यातल्या जातककथांपुढे ते शोभतं, कारण तिथे खरोखर गोष्ट आहे. तीही ओळीने वाचता येत नाही म्हणा, बरेचदा एका ठिकाणी घडलेले प्रसंग एकत्र आणि काळाचा क्रम मागेपुढे. पण रंगाच्या एका पट्ट्याला काय वाचणार?

प्रतिसाद २

यादीत ‘अंगावर येणे’ राहिलं. पिकासोचं ‘गेर्निका’ (१९३७) साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर रुंद आहे. ते अंगावरच येतं, ‘भावलं’ म्हणणं तिथे विचित्र वाटेल. उलट दालीचं वितळत्या घड्याळांचं चित्र जेमतेम २४ बाय ३३ सेंटिमीटर, वहीच्या पानाएवढं. पुस्तकात दोन्ही एकाच मापाची छापतात, त्यामुळे नुसतं वाचून चित्रं ‘माहीत’ असणाऱ्यांची पंचाईत होते. (माझी झाली आहे. दालीचं चित्र मी मनात भिंतभर टांगून ठेवलं होतं.)

प्रतिसाद ३

‘अमूर्त’ या शब्दाबद्दलही माझी तक्रार आहे. सुरुवातच ‘अ’ने, म्हणजे काहीतरी नाही. मग बघणारा जे नाही तेच शोधत बसतो : हा डोंगर का, ही बाई का? वासुदेव गायतोंडे आपल्या चित्रांना ‘ॲबस्ट्रॅक्ट’ म्हणवून घ्यायला राजी नसत, ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ म्हणत. मराठीत ‘वस्तुनिरपेक्ष’ म्हणता येईल, पण तो बोलण्यात रुळणं कठीण. ‘केवलाकारी’ मला आवडतो. नुसता आकार, बस.

मूळ प्रश्नकर्ती

‘अंगावर येणे’ मान्य, कसं सुटलं कोण जाणे. आता ‘रसग्रहण’ घ्या. प्रश्नपत्रिकेतल्या ‘रसग्रहण करा’ने त्याचा पार रस काढून टाकलाय. नाट्यशास्त्रात रस समजावताना भरतमुनी सरळ जेवणाचा दाखला देतात : नाना व्यंजनांनी सिद्ध केलेलं अन्न प्रसन्न मनाने चाखणारा माणूस. ‘आस्वाद’ तिथलाच. म्हणून लिहिताना मी ‘चित्रास्वाद’ वापरते. बोलताना मात्र जीभ अडखळते, शेवटी तोंडून ‘आवडलं’ एवढंच निघतं. तुम्ही बोलताना काय म्हणता?