मदत हवी आहे: सिकलसेल असलेल्या भाचीला नव्या औषधाच्या चाचणीत घेऊ म्हणतात, सहीआधी काय विचारावं?

वैनगंगाकाठी

नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या भाचीचा आहे. वय 14, एसएस पॅटर्न, म्हणजे नुसती वाहक नाही, प्रत्यक्ष आजार आहे. ताई-भाऊजी गडचिरोलीच्या चामोर्शी तालुक्यात असतात, धानाची शेती. मी नागपुरात नोकरीला, म्हणून दवाखान्याचं सगळं माझ्याकडे. पोरीला सिकलसेलची नेहमीची गोळी, हायड्रॉक्सीयुरिया, चालू आहे आणि त्याने फरकही आहे, पण थंडी लागली, ताप आला की दुखणं उठतंच. मग सलाईन, कधी रक्त, आणि शाळा बुडते.

मागच्या वेळी डॉक्टर म्हणाले की एका नवीन गोळीचा अभ्यास सुरू होतोय, वर्षभराचा, आणि ही त्यात बसते. गोळ्या, तपासण्या मोफत, येण्याजाण्याचे पैसे मिळतील. मराठी संमतीपत्राचा गठ्ठा दिला आणि घरी नेऊन वाचा, घाई नाही म्हणाले. डॉक्टरांबद्दल तक्रार नाही, माणूस चांगला आहे. पण घरात तीन जणांचे तीन प्रश्न आहेत.

भाऊजी म्हणतात, एवढं फुकट देतात तर पैसा कोण लावतंय? ताईने कुठून तरी ऐकलं की अर्ध्या पोरांना नुसती खोटी गोळी देतात. आपल्याला तीच आली आणि चालू औषध बंद केलं तर? आणि मला सतावतंय ते पुढचं. वर्ष संपलं, समजा गोळी लागू पडली, मग त्यानंतर ती कोण देणार?

यातून कुणी गेलं असेल तर सांगा. 'डॉक्टरांना विचारा' एवढंच उत्तर नको. विचारायचं काय, तेच कळत नाही.

सरळसोट

नाही म्हणा. गरिबांची पोरं चाचणीला सोपी पडतात. 2009-10 मध्ये खम्मम आणि वडोदऱ्यात हजारो मुलींना एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरुद्धची, लस दिली. पैसा गेट्स फाउंडेशनचा, काम पाथ या संस्थेचं. खम्ममला वसतिगृहांच्या वॉर्डननी पालकांच्या जागी सह्या केल्या होत्या. 2013 मध्ये संसदीय समितीने त्यावर ताशेरे ओढले. खम्मम तर आपल्या शेजारचाच मुलूख आहे.

कागदपत्रवाली

मी पुण्यात बरीच वर्षं क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर, म्हणजे औषध चाचण्यांचं रोजचं काम बघणारी, होते, आता ते काम सोडलं. सरळसोट यांनी सांगितलं ते खरं आहे. त्या प्रकरणात मुलींचे मृत्यूही झाले. चौकशीत ते लशीशी जोडले गेले नाहीत, पण संमती आणि देखरेख ढिसाळ होती हे उघड झालं. 2013 मध्येच औषध चाचण्यांवरच्या एका याचिकेत सर्वोच्च न्यायालयाकडून संमतीच्या व्हिडिओ चित्रीकरणाचा आदेश निघाला. आज नवीन रेणूच्या, म्हणजे आधी कधी न वापरलेल्या औषधाच्या, चाचणीत असुरक्षित गटातल्या व्यक्तीची, म्हणजे अल्पवयीन मुलांचीही, संमती कॅमेऱ्यासमोर घ्यावी लागते. तुमच्याकडे कॅमेरा आला तर बिचकू नका. ती पोरीच्या बाजूची गोष्ट आहे.

आता भाऊजींचा प्रश्न, कारण बाकीच्या दोघांची उत्तरं त्यातूनच निघतात. संमतीपत्रावर सीटीआरआयचा क्रमांक शोधा. सीटीआरआय म्हणजे भारतातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही, 2009 पासून नोंदणी सक्तीची आहे. तो क्रमांक संकेतस्थळावर टाकला की प्रायोजक कोण, पैसा कुठून येतो, औषध नियंत्रकांची परवानगी आहे का, कोणत्या रुग्णालयांत चालू आहे, सगळं दिसतं. तुमचं रुग्णालय त्या यादीत हवं, आणि तिथल्या एथिक्स कमिटीची, म्हणजे रुग्णांच्या हिताकडे बघणाऱ्या समितीची, मंजुरीही.

पैसा कंपनीचा असेल तर तिला औषध बाजारात आणायचंय, यात लपवण्यासारखं काही नाही. सरकारी पैसा असेल, आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेसारखा, तर अनेकदा जुन्या स्वस्त औषधाचा नवा उपयोग तपासला जातो. तुमची हायड्रॉक्सीयुरियाच घ्या. ती मुळात कॅन्सरची जुनी गोळी. अमेरिकेत सरकारी पैशातून 299 प्रौढ सिकलसेल रुग्णांवर तिची चाचणी झाली. 1995 मध्ये फायदा इतका स्पष्ट दिसला की मुदतीआधीच थांबवली. तिथेही जवळपास निम्म्यांना प्लासिबो, म्हणजे ताई म्हणतात ती खोटी गोळी, होती. त्या लोकांनी ते सोसलं नसतं तर आज तालुक्याला ही कॅप्सूल मिळाली नसती.

पण तेव्हा दुसरं औषध नव्हतं, आज आहे. म्हणून ताईंचा प्रश्न नेमका आहे. सरळ विचारा: हायड्रॉक्सीयुरिया चालू ठेवून वरून नवी गोळी किंवा प्लासिबो देणार, की ती बंद करणार? चालू राहणार असेल तर प्लासिबो आली तरी पोर आजच्यापेक्षा उघड्यावर पडत नाही. बंद करणार असतील तर मी माझ्या मुलीला पाठवणार नाही.

वर्ध्याची आई

आमचा मुलगा एका चाचणीत होता (सिकलसेलचीच, दुसऱ्या औषधाची). त्याला खरी गोळी होती की नाही ते आम्हाला शेवटपर्यंत सांगितलं नाही, डॉक्टरांनाही माहीत नसतं. चांगलं हे की त्या काळात त्याची जेवढी निगराणी झाली तेवढी आधी कधी झाली नव्हती. फोन केला की कुणीतरी उचलायचं. त्रास म्हणाल तर रक्त फार वेळा काढतात, आणि शेतीच्या हंगामात दिवस मोडतो.

ताईंना एक आधीच सांगून ठेवा. मुलीला पाळी सुरू झाली असेल तर अशा चाचण्यांत बहुतेक वेळा लघवीची गर्भ-तपासणी करतात. आमच्यासोबत एक मुलगी होती, तिची आजी त्यावरून भर वॉर्डात भांडली. औषधाने गर्भाला धोका असू शकतो म्हणून ती सगळ्याच मुलींची होते, हिच्यावर संशय म्हणून नाही. घरच्यांना तिथे गेल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

वैनगंगाकाठी

सगळ्यांचे आभार. ताईला गर्भ-तपासणीचं सांगितलं, थोडी गप्प झाली, मग म्हणाली बरं झालं सांगितलं.

सीटीआरआयवर सापडलं. प्रायोजक औषध कंपनीच आहे, आपलं रुग्णालय यादीत आहे. संमतीपत्रात हायड्रॉक्सीयुरिया 'स्थिर मात्रेत चालू ठेवता येईल' असं आहे. आता दोन अडकले: गावात रात्री त्रास झाला तर काय, नागपूर पावणेदोनशे किलोमीटर आहे. आणि तो वर्षानंतरचा प्रश्न. त्यावर फॉर्ममध्ये एकच ओळ आहे, 'नियमांनुसार विचार केला जाईल'.

कागदपत्रवाली

आधी रात्रीचं. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात न्या, नागपूरला धावू नका. कोणती चाचणी चालू आहे आणि कोणाला फोन करायचा हे लिहिलेलं कार्ड देतात. ते सिकलसेलच्या कार्डाबरोबरच पिशवीत ठेवा. भरती झाली की संशोधक डॉक्टरांना लगेच कळवा, कारण गंभीर घटना कळल्यापासून 24 तासांत त्यांना ती वर कळवावी लागते. औषध चाचण्यांच्या 2019 च्या नियमांप्रमाणे चाचणीच्या काळात इजा झाली तर उपचार मोफत, आणि ती चाचणीमुळे झाली नाही हे सिद्ध होईपर्यंत मोफतच. चाचणीमुळे झाली असेल तर भरपाई वेगळी. उपलब्ध असलेला नेहमीचा उपचार न देता प्लासिबो दिल्याने झालेलं नुकसानही त्यात धरलंय. गावच्या दवाखान्याची बिलं, डिस्चार्ज कार्ड जपा.

वर्षानंतरचं मात्र कठीण आहे, आणि तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंय. नियमात चाचणीनंतर मोफत औषध देण्याची तरतूद आहे, पण कधी? त्या आजाराला दुसरा उपचार उपलब्ध नसेल, संशोधक डॉक्टरांनी या रुग्णाला फायदा झाला असं ठरवलं असेल, आणि एथिक्स कमिटीने मान्यता दिली असेल तेव्हा. सिकलसेलला हायड्रॉक्सीयुरिया आहेच, असं म्हणून कंपनी हात वर करू शकते. म्हणून त्या एका ओळीवर समाधान मानू नका. चाचणी संपल्यावर सगळ्यांना खरी गोळी देणारा पुढचा टप्पा आखलेला आहे का, किती काळाचा, हे विचारा आणि उत्तर लेखी मागा. डॉक्टरांना ठाऊक नसेल तर एथिक्स कमिटीला विचारा, त्यांचा नंबर संमतीपत्रात असतो. लोक तिथे फोन करत नाहीत, करावा. कमिटीत डॉक्टर नसलेले, अगदी सर्वसामान्य सदस्यही असतात.

सरळसोट

आणि ती गोळी पुढे बाजारातून गायब झाली तर? व्हॉक्सेलोटर या सिकलसेलच्याच नव्या गोळीला अमेरिकेत 2019 मध्ये परवानगी मिळाली होती, मोठा गाजावाजा झाला, आणि सप्टेंबर 2024 मध्ये फायझरने जगभरातून परत घेतली. दुखण्याचे झटके आणि मृत्यू यांच्या आकड्यांमुळे.

कागदपत्रवाली

हो, तसं होतं. नवीन म्हणजे चांगलं असं नाही, म्हणूनच चाचणी. अशी धोक्याची माहिती मध्येच आली तर ती तुम्हाला सांगून पुन्हा संमती घ्यावी लागते. आणि कारण न देता कधीही बाहेर पडता येतं, त्यावरून नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत. फक्त गोळी मनाने एकदम बंद करू नका, सांगून थांबा.

एक राहिलं. इथे सगळे बोलले, मुलगी काय म्हणते? आयसीएमआरच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे 12 ते 18 वयात आईवडिलांच्या सहीबरोबर मुलाची स्वतःची लेखी अनुमतीही लागते.

वैनगंगाकाठी

तिला काल फोनवर विचारलं. दुखणं कमी होणार असेल तर करते म्हणाली, पण भेटींच्या तारखा आधी पाहिजेत. पुढच्या वर्षी दहावी आहे, आणि परीक्षेच्या आठवड्यात ती नागपूरला येणार नाही म्हणजे नाही. तारखा आणि पुढच्या टप्प्याचं, दोन्ही लेखी मागितलं आहे. एथिक्स कमिटीच्या नंबरवर सोमवारी फोन करतो. उत्तर आलं की इथेच टाकेन.

वर्ध्याची आई

भाऊ, सोमवारी अकरानंतर करा, त्याआधी ऑफिसात कुणी नसतं. आणि तारखांचं कोऑर्डिनेटरला विचारा, डॉक्टरांना नाही. आमच्या वेळी दोन-चार दिवस पुढेमागे चालायचं, तेवढी सवलत ठेवलेली असते.