मदत हवी आहे : ‘स्टार वॉर्स’मधील दोन सूर्यांच्या मावळतीसारखे आणखी कोणते प्रसंग?

‘स्टार वॉर्स’च्या नव्या चित्रपटांत जुन्यांचे पडसाद कसे उमटतात, यावर आमच्या चित्रपट मंडळात मला छोटे टिपण वाचायचे आहे. 2015 च्या ‘द फोर्स अवेकन्स’चे कथानक 1977 च्या पहिल्या चित्रपटावर बेतलेले आहे, हे सर्वांना ठाऊक आहे : तसाच वाळवंटी ग्रह, गुपित घेऊन पळणारा तसाच छोटा यंत्रमानव आणि ग्रह उडवणारे तसलेच शस्त्र, फक्त आकाराने वाढवलेले. मला त्यात फारसा रस नाही.

मला हवे आहेत ते चौकट तीच ठेवून अर्थ पालटणारे प्रसंग. 1977 मध्ये घराबाहेर पडायला आसुसलेला नायक ल्यूक मावळत्या दोन सूर्यांकडे पाहत उभा राहतो. 2005 मध्ये तान्ह्या ल्यूकला घेऊन त्याचे काका-काकू तसेच उभे राहतात, 2017 मध्ये तशाच दृश्यासमोर ल्यूक प्राण सोडतो आणि 2019 मध्ये ल्यूकच्या जुन्या घराजवळ तसेच दृश्य पाहत नव्या चित्रपटांची नायिका रे उभी असते. संगीतकार जॉन विल्यम्स यांची तीच धून या सर्व प्रसंगांत ऐकू येते.

मुख्य नऊही चित्रपट प्रदर्शनाच्या क्रमाने पुन्हा पाहिले. लेखही बरेच वाचले, पण त्यांत बहुधा कथानकातील साम्येच मोजलेली आढळली. हात तुटण्याचे प्रसंग टिपले आहेत, त्यामुळे ते कृपया सुचवू नयेत. मालिका, कादंबऱ्या आणि सचेतपटही नकोत.

तर या नऊ चित्रपटांत, जुनी दृश्यरचना किंवा जुनी धून मुद्दाम परत आणून तिचा अर्थ बदललेला आहे, असे आणखी कोणते प्रसंग आपल्याला आठवतात?