बँक ठेवीदारांच्या विश्वासावर उघडते म्हणे!

मांडवीकाठ
मार्च १९३३. अमेरिकेत महामंदी ऐन भरात. रूझवेल्टने अध्यक्ष होताच देशभरातल्या बँकांना टाळे लावले, १२ मार्चच्या रात्री रेडिओवरून लोकांना समजावले आणि १३ तारखेपासून बँका उघडू लागल्या. लोक घरात दडवलेला पैसा परत भरायला रांगेत उभे राहिले! आपल्याकडे गोव्यात उलटे. खाणी बंद पडल्या, कुठे कुजबुज झाली, की लगेच ठेवी मोडायला धाव. गोव्यातल्या सहकारी बँका ठेवीदारांच्या घाबरटपणाने बुडाल्या. थोडा विश्वास ठेवला असता तर त्याही उघडल्या असत्या.

डिचोलीकर
हे वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो. १३ मार्चला अमेरिकेतल्या सगळ्या बँका उघडल्या नव्हत्या. आधी फेडरल रिझर्व्हच्या, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या, १२ शहरांतल्या, मग बाकीच्या, आणि त्याही तपासून, परवाना देऊन. हजारो बँका त्या आठवड्यात बंदच राहिल्या, त्यातल्या बऱ्याच कायमच्या गेल्या. जी उघडेल ती तपासलेली असेल, असे लोकांना रेडिओवर सांगितले होते. म्हणून ते परतले. पुढे १ जानेवारी १९३४ पासून २,५०० डॉलरपर्यंतच्या ठेवींना विमाही मिळाला.

आता आपली म्हापसा अर्बन ही सहकारी बँक बघा. ठेवी काढण्यावर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध २०१५ साली आले, परवाना रद्द झाला एप्रिल २०२० मध्ये. जवळजवळ पाच वर्षे लोक लटकत राहिले. त्याच्या आदल्याच महिन्यात, ५ मार्चला, येस बँकेवर निर्बंध लागले. स्टेट बँक आणि इतर बँकांनी पैसा घातला आणि १८ मार्चला व्यवहार सुरू! तिथले ठेवीदार काय जास्त धीराचे होते? मागे कोणीतरी पैसा घेऊन उभे राहिले म्हणून ती बँक उघडली. म्हापशाच्या मागे कोण उभे राहिले?

माझ्या वडिलांची निवृत्तीची पुंजी अशाच एका बँकेत अडकली, नाव घेत नाही. आजारपणासाठी जास्त रक्कम हवी तर अर्ज, इस्पितळाची बिले, डॉक्टरांचे पत्र. बायपासची फाईल मांडीवर घेऊन ते कॅशच्या खिडकीसमोरच्या बाकावर बसायचे आणि आतला माणूस मान वर करत नसे. या माणसाला तुम्ही घाबरट म्हणता?

निवृत्त कॅशियर
डिचोलीकरबाब, तुमच्या वडिलांचे ऐकून वाईट वाटले. पण मी त्या खिडकीच्या आत बसलेला माणूस आहे. मान वर करून सांगणार काय? आमच्याही ठेवी तिथेच होत्या.

मांडवीकाठ अगदीच चुकीचे बोलत नाहीत. बँकेची सगळी रोकड तिजोरीत नसते, ती कर्जाऊ गेलेली असते. शटर वर जायच्या आधीच बाहेर रांग दिसली की धडधाकट बँकही लटपटते. आणि पैसा गेला कुठे, यावर कोणी बोलत नाही. डिचोली, सांगे, धारबांदोडा, सगळीकडे खनिज वाहणाऱ्या ट्रकांना कर्जे वाटली. खाणी थांबल्या, हप्ते थांबले. पुढे माफी मिळेल या आशेने ज्यांना भरणे जमत होते त्यांनीही भरले नाही. ठेवीदारांचा पैसा त्या ट्रकांत अडकला आहे.

सांग्याची सून
काका, वयाचा मान ठेवून विचारते, 'जमत होते' हे कोणाला म्हणता? २०१२ च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या. दोन वर्षांनी बंदी उठली म्हणून आमच्या घरच्यांनी दुसरा टिप्पर घेतला. कर्ज घ्या म्हणून बँकेचा माणूस आमच्या ओसरीवर बसून चहा पिऊन गेला होता. मग ७ फेब्रुवारी २०१८ ला सुप्रीम कोर्टाने गोव्यातल्या खाणींच्या ८८ लीज रद्द केल्या, १६ मार्चपासून सगळे ठप्प. टिप्पर अंगणात उभा. टायर उन्हाने चिरले, बॅटरी काढून विकली, विमा भरला नाही. मंगळसूत्र सोडून सगळे सोने गहाण पडले. हप्ते कशातून भरायचे होते?

निवृत्त कॅशियर
बाय, मी तुम्हाला म्हटले नाही. एकाच घरात चार नावांवर चार ट्रक, असे कागद मी स्वतः हाताळले आहेत.

सांग्याची सून
मग त्या कागदांवर मंजुरीच्या सह्या कोणाच्या? संचालकांच्याच ना? त्यांची घरे एकदा येऊन बघा, मग आमचे बघा. लिलावाची नोटीस मात्र आमच्या दारावर लागली.

पेडण्याचा भाऊ
सोने गहाण म्हटल्यावर पोर्तुगीज काळातली बँक, बांकू नासियोनाल उल्त्रामारिनु, आठवणारच. गोवेकरांनी तिथे गहाण ठेवलेले दागिने १९६१ मध्ये मुक्तीच्या तोंडावर लिस्बनला गेले, ते परत यायला १९९१ उजाडले. किती जण वाट बघत वारले! गोव्याच्या माणसाला बँकेवर विश्वास ठेवायला सांगणाऱ्यांनी हे आधी वाचावे.

मांडवीकाठ
१९६१ चे इथे काय? ती राजवटच संपली होती. आणि डिचोलीकर, येस बँक देशभर पसरलेली, ती कोसळू देणे सरकारला परवडणारे नव्हते. गल्लीतल्या बँकेची तुलना तिच्याशी कशी करता?

डिचोलीकर
मी तेच म्हणतोय! मोठी बँक उघडते, छोटी बुडते, आणि दोष ठेवीदाराच्या स्वभावाला. तुमचा पैसा कोणत्या बँकेत आहे ते सांगा.

मांडवीकाठ
वैयक्तिक जाऊ नका. राष्ट्रीयीकृत बँकेत आहे.

डिचोलीकर
मग आम्हाला कसला विश्वास शिकवता?

निवृत्त कॅशियर
भांडू नका. फेब्रुवारी २०२० पासून ठेवींवरचा विमा एक लाखाचा पाच लाख झाला. २०२१ च्या दुरुस्तीने बँकेवर निर्बंध आले तरी विम्याची रक्कम ९० दिवसांत मिळायची सोय झाली. हे आधी असते तर आमच्या बाहेरची रांग निम्मी झाली असती, हे मला मान्य करावे लागते.

मांडवीकाठ
संचालकांची मालमत्ता आधी जप्त व्हावी, एवढे मीही मान्य करतो. पण अफवेवर धावणाऱ्यांची बाजू घेणार नाही.

सांग्याची सून
घेऊ नका. पाच लाखांच्या वर ज्यांची ठेव होती त्यांचे काय, तेवढे सांगा. माझ्या सासूबाई त्यातल्याच. कर्जदारही आमचेच घर आणि ठेवीदारही आमचेच.