पहिली-दुसरीच्या पोरांना वाचन टॅबवर शिकवावं का?

झेडपी_मास्तर (दारव्हा): माझं उत्तर हो. लोकवर्गणीतून टॅब आले तेव्हापासून पहिलीत वापरतो. गोष्ट ऐकू येते आणि जो शब्द चालू आहे तो पिवळा होतो. घरात एक पुस्तक नसलेल्या लेकराला बोललेला शब्द आणि छापलेला शब्द एकच, हे तिथं पहिल्यांदा दिसतं. आई-बाप सकाळीच कापूस वेचायला जातात, गोष्ट वाचून दाखवणार कोण? तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, हे केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाचं २०२६-२७ पर्यंतचं उद्दिष्ट. आम्ही शिक्षक दोन, वर्ग चार.

स्वरा_ची_आई: माझा विरोध आहे, सर. पोरगी वाचत नाही, चित्र ओळखते. शेताचं चित्र, खाली ‘शेत’ लिहिलेलं. तिनं जोरात ‘वावर’ म्हटलं आणि पुढं बोट मारलं. चित्रावर हात ठेवला तर गप्प. याला वाचन म्हणायचं?

झेडपी_मास्तर (दारव्हा): ताई, म्हणून मी आधी नुसता शब्द दाखवतो, चित्र मागून. साहित्य निवडूनच घ्यावं लागतं. गोष्टीला धरून हलणारी चित्रं अर्थ कळायला मदत करतात, मध्येच येणारे खेळ गोष्टीवरून लक्ष उडवतात, असं संशोधनातही दिसलंय. फुगे फोडायचे खेळ मी वर्गात येऊच देत नाही.

पोट्ट्यांचा_काका: मास्तर, वाचून घेणाऱ्या अ‍ॅपचं काय? आमचं पोट्टं ‘फळा’ले ‘फया’ म्हणते, घरी सारेच तसं म्हणतात. अ‍ॅप लगेच लाल करते. तुमी समोर असते तं समजले असते का ह्यानं ळ वळखला, बोली तेवढी वऱ्हाडी हाये. वाचता येऊनही नापास ठरलं ना त्याले! आता मोबाइल पाह्यला का पयते.

मेळघाटातली_मॅडम: काका, अगदी खरं. आमच्या धारणीकडं तर घरची भाषाच कोरकू. विकतच्या गोष्टीतली प्रमाण मराठी पहिलीच्या मुलाच्या डोक्यावरून जाते. म्हणून मी गावातल्या एका आजीकडून कोरकूत गोष्ट सांगून घेतली, फोनवर रेकॉर्ड केली, मुलांनीच काढलेली चित्रं जोडली. आधी ती ऐकवते, मग त्याच चित्रांखाली मराठी शब्द. माध्यम हवंच, पण त्यात आवाज आपल्या माणसांचा हवा.

झेडपी_मास्तर (दारव्हा): काकांचा मुद्दा वजनदार आहे. मी टॅब ऐकवायलाच वापरतो. वाचन तपासताना लेकरू माझ्यासमोर बसतं आणि त्याला मीच ऐकतो. ते काम अ‍ॅपवर सोडू नये, या मताचा मीही आहे. मॅडम, ते रेकॉर्डिंग कसं जोडता, सविस्तर लिहा.

स्वरा_ची_आई: तुम्ही समोर बसता म्हणून चालतं, सर. सगळीकडं तसं नाही, पोरांच्या हाती टॅब देऊन मोठी माणसं रजिस्टरं भरत बसतात. आणि घ-ध मधला फरक काचेवर बोट फिरवून कळत नाही, पाटीवर गिरवावाच लागतो. पुढच्या वेळी वर्गणी जमली तर गोष्टीची पुस्तकं घ्या. टॅब शाळा सुटली की कपाटात बंद होतात. पुस्तक दप्तरातून घरी येईल, लाइट नसली तरी दिवसाउजेडी वाचता येईल, आणि धाकटाही शेजारी येऊन बसेल.