एंडोस्कोपी रूममधला उजेड आणि डोळ्यांवरचा ताण

खाडीकाठ, रत्नागिरी
नमस्कार मंडळी. आमच्या एंडोस्कोपी रूमची खिडकी पश्चिमेला आहे, दुपारनंतर समुद्रावरून तिरीप थेट आत येते. म्हणून काळे पडदे ओढून, सगळे दिवे बंद करून स्क्रीनिंग कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) चालते. दिवसाच्या केसची लिस्ट निम्म्यावर आली की डोळे चुरचुरतात, कपाळ ठणकतं. स्कोप (दुर्बिणीची नळी) बाहेर घेताना मॉनिटरवरून नजर काढून सिस्टरकडे वळवली की क्षणभर नीट दिसत नाही. दिवे लावावेत तर मॉनिटरवर ट्यूबलाईट उमटते. मॉनिटर ट्रॉलीवर आहे, मागची भिंत चार फूट लांब. उजेड किती, कुठे आणि कोणत्या रंगाचा ठेवावा?

दिवे_वायरिंग, चिपळूण
डॉक्टर, पूर्ण अंधार हेच दुखण्याचं मूळ आहे. काळोखात बाहुली मोठी होते, समोर लखलखता चौकोन, आणि नजर तिथून हलली की डोळ्याला पुन्हा जुळवून घ्यावं लागतं. लिस्टभर हेच चालू राहतं.

आधी मॉनिटर बंद करा आणि स्कोप धरून जिथे उभे राहता तिथूनच त्याच्याकडे पाहा. काळी काच आरशासारखी वागते. तिच्यात जे जे चमकताना दिसेल, मग ती ट्यूब असो, पडद्याची फट असो की स्टीलची ट्रॉली, ते एकतर झाका नाहीतर मॉनिटर थोडा वळवा. खिडकी मॉनिटरच्या समोर किंवा मागे नको, बाजूला असावी.

मग मॉनिटरच्या मागचा उजेड. 24 व्होल्टची एलईडी पट्टी, 6500 केल्विन (दिवसाच्या उजेडासारखा पांढरा), सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) 90च्या वर, अॅल्युमिनियम पट्टीत दुधी झाकण लावून. तुमची भिंत लांब आहे, त्यामुळे पट्टी मॉनिटरच्या पाठीला चिकटवून उपयोग नाही, उजेड पसरून जाईल. ती भिंतीवरच लावा, मॉनिटरच्या आड येईल अशी, म्हणजे थेट डोळ्यांत जाणार नाही. भिंत मॅट राखाडी हवी. ऑइल पेंट चमकतो, आणि पिवळट किंवा गुलाबी भिंत उजेडालाही आपला रंग देते. भिंतीचा उजळपणा मॉनिटरच्या पांढऱ्याच्या साधारण दहा टक्के ठेवा: मॉनिटर 300 निटचा (निट म्हणजे उजळपणाचं माप) असेल तर भिंत 30च्या आसपास. खोलीतला बाकीचा उजेड 25 ते 50 लक्स (लक्स म्हणजे जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप). रेडिओलॉजीच्या रीडिंग रूमसाठी (जिथे एक्स-रे, स्कॅन पाहतात) हाच आकडा धरतात. लक्समीटर मॉनिटरच्या तोंडाशी, बाहेरच्या बाजूला वळवून धरा. त्या वेळी मॉनिटर बंद ठेवा.

डिमरवर पैसे वाचवू नका. स्वस्त डिमर दिवा मंद करताना तो सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतो. त्या उजेडात पेन्सिल भराभर हलवून पाहा. एकसंध पट्टा न दिसता सुट्या सुट्या पेन्सिली दिसल्या तर तो ड्रायव्हर (पट्टीला वीज देणारा भाग) बदला.

आपल्याकडची खास गोष्ट म्हणजे खारी हवा. क्लिपचे जोड एका पावसाळ्यात हिरवे पडतात आणि दिवा लुकलुकू लागतो. जोड डाग देऊन करा, वर हीट-श्रिंक नळी चढवा, पट्टी सिलिकॉनचा थर असलेली घ्या. आणि पट्टीचा अडॅप्टर टॉवरच्या (स्कोपची यंत्रं ठेवलेल्या ट्रॉलीच्या) आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर अजिबात लावू नका. त्याला भिंतीचा वेगळा सॉकेट द्या.

खाडीकाठ
मनापासून आभार. लॅप्रोस्कोपीच्या (पोटाच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या) ओटीत हिरवा उजेड असतो, तो इथे चालेल का?

स्कोपरूम_सिस्टर, कुडाळ
सर, हिरवा नको. सिडेशन (गुंगीचं औषध) दिलेल्या पेशंटचे ओठ निळसर पडले तर हिरव्या उजेडात ते लवकर कळत नाही. पल्स ऑक्सिमीटर असला तरी चेहरा दिसलाच पाहिजे. अँप्यूलवरचे रंगीत पट्टेही फसवतात. पांढराच ठेवा.

औषधांच्या ट्रेवर आणि फॉर्मॅलिनच्या बाटल्यांजवळ मान वाकणारा छोटा दिवा द्या, तोंड खाली, मॉनिटरकडे पाठ. पॉलिप (आतड्यातून काढलेली छोटी गाठ) ट्रॅपमधून बाटलीत घेताना आणि लेबल लिहिताना तो लागतोच. मोठ्या दिव्यांचा स्विच सिस्टरच्या हाताशी हवा. पेशंट खालावला तर अंधारात चाचपडत बसायला वेळ नसतो. दिवे इन्व्हर्टरवर घ्या. पावसात वीज गेली की यूपीएसवर मॉनिटर चालू राहतो आणि खोली मात्र काळीठिक्कर.

नेत्र_सावंतवाडी
उजेड सुधारला तरी चुरचुर पूर्ण थांबेलच असं नाही. स्क्रीनवर नजर खिळली की पापण्यांची उघडझाप निम्म्याहूनही खाली येते आणि अश्रूंचा थर सुकतो. बाहेर कितीही दमट असलं तरी एसी आतली हवा कोरडी करतो, म्हणून त्याची झोत-पट्टी चेहऱ्यावरून वळवा. मास्कच्या वरच्या कडेतून श्वास डोळ्यांवर जात असेल तर नाकाची तार नीट दाबा किंवा कडेला टेप लावा. दोन केसच्या मधे वीस सेकंद तरी लांब पाहा, फोनमध्ये नव्हे. थेंब घालायचे तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले.

चाळिशी उलटलेल्यांनी चष्म्याकडे खास लक्ष द्यावं. प्रोग्रेसिव्ह चष्म्यातून (वर लांबचा, खाली जवळचा नंबर असलेल्या) मॉनिटर स्पष्ट दिसावा म्हणून हनुवटी वर जाते आणि मान धरते. टेप घेऊन डोळ्यापासून मॉनिटरपर्यंत मोजा आणि तो आकडा चष्मा करणाऱ्याला सांगा. 1.25 मीटर असेल तर तिथे डोळ्याला 0.8 डायॉप्टर जोर लागतो, वाचनाच्या नंबरापेक्षा पुष्कळ कमी. त्या अंतराचा एकाच नंबराचा चष्मा रूममध्येच ठेवावा. मॉनिटरचा मध्य डोळ्यांच्या रेषेपेक्षा 15 ते 25 अंश खाली हवा.

याचा संबंध फक्त आरामाशी नाही. सपाट सेरेटेड लीजन (आतड्याच्या अस्तरावरची चपटी वाढ, जी पुढे कर्करोग होऊ शकते) म्हणजे कित्येकदा श्लेष्माची पातळ टोपी आणि तिच्याखाली पुसट झालेल्या रक्तवाहिन्या, एवढाच फरक. काचेवर परावर्तनाचा पडदा असेल तर नेमका तोच जातो. एनबीआयमध्ये (निळ्या-हिरव्या प्रकाशाने रक्तवाहिन्या उठून दाखवणाऱ्या मोडमध्ये) चित्र आणखी काळसर असतं, म्हणून काचेतलं प्रतिबिंब त्या मोडमध्येही तपासा. कोलोनोस्कोपीच्या दर्जासाठीच्या 2024च्या अमेरिकन निकषांत स्कोप बाहेर घेण्याचा सरासरी वेळ किमान 8 मिनिटं केला आहे. तेवढा वेळ डोळे मिटमिटवत पाहण्यात जाऊ नये.

दिवे_वायरिंग, चिपळूण
एक राहिलं: व्हाइट बॅलन्स करताना (कॅमेऱ्याला पांढरा रंग कोणता ते शिकवताना) स्कोपचं टोक त्यासाठीच्या पांढऱ्या टोपीत पूर्ण घाला. अर्धवट घातलं तर नव्या दिव्याचा उजेड आत शिरतो आणि पूर्ण केसभर रंग बिघडलेला राहतो.