शनिवारचा सिनेमा : ‘अर्थक्वेक’ (१९७४)

नमस्कार मंडळी,
शनिवारी सहा वाजता हॉलवर १९७४ चा ‘अर्थक्वेक’ दाखवतो आहोत. चार्लटन हेस्टन, एव्हा गार्डनर आणि आपलंच लॉस एंजेलिस. तेव्हा काही थिएटरांत ‘सेन्सराउंड’ नावाच्या तंत्राचे मोठाले स्पीकर लावून इतका खोल, घुमणारा आवाज सोडायचे की खुर्च्या थरथरायच्या. मुलांना आणावं का, असं तिघांनी विचारलंय. ज्येष्ठांनी सांगावं.
– कार्यक्रम समिती

समितीला नमस्कार,
दहा वर्षांपुढच्या मुलांना जरूर आणा. लहानग्यांना नको, लिफ्टचा प्रसंग भयंकर आहे.

त्यात हॉलिवूडचं धरण फुटतं ते पाहून ‘हे अतीच’ म्हणू नका. १९७१ च्या फेब्रुवारीत इथे सॅन फर्नांडोचा भूकंप झाला, तेव्हा व्हॅन नॉर्मनच्या दोन धरणांपैकी खालच्या धरणाचा माथा ढासळून तलावातच गेला. पाण्याच्या वर जेमतेम दीड मीटर माती उरली. खालच्या ऐंशी हजार लोकांना घरं सोडायला लावली आणि पाणी उपसत बसले. सिनेमा आला तो त्यानंतर तीनच वर्षांनी.

माझं माहेर कराडचं. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट मला लख्ख आठवते. फळीवरची पितळी पातेली एकेक करून खाली आली, आईने आम्हा भावंडांना पांघरुणासकट अंगणात ओढलं. आळीत जो तो एकच विचारत होता, “धरण आहे ना?” कोयनेच्या धरणाला भेगा पडल्या, पण ते उभं राहिलं. सिनेमात पाणी सुटतं तिथे मला आजही अंगणातला तो गारठा जाणवतो.

एक मात्र मुलांना आधीच सांगा. पडद्यावर लोक घाबरून रस्त्यावर धावतात आणि वरून काचा कोसळतात. आपण तसं धावायचं नाही. टेबलाखाली शिरायचं, त्याचा पाय घट्ट धरायचा. आणि खाली मोकळं पार्किंग, वर खोल्या अशा जुन्या इमारतीत जे राहतात, त्यांनी ती मजबूत करून घेतली का, हे मालकाला विचाराच. १९९४ च्या भूकंपात इथल्या नॉर्थरिजला अशाच एका इमारतीचा तळमजला चेपला आणि सोळा माणसं गेली.

सिनेमानंतर अर्धा तास द्याल का? भूकंपानंतर गॅसचा कॉक पान्याने कसा फिरवायचा ते दाखवीन. वास आला, गळतीचा आवाज आला किंवा गळती दिसली तरच बंद करायचा, परत चालू करायला कंपनीचा माणूस लागतो.
– कराडची काकू

काकू, अर्धा तास तुमचाच. पाना मी आणतो. हॉलच्या मागच्या भिंतीला मीटर आहे, तिथेच सगळ्यांना नेऊ.
– समितीतर्फे